पहिली नाटककार बाई : हिराबाई पेडणेकर



नाटक म्हटले की आपल्याला पदे आठवतात, गाणारे नट आठवतात, शालू नेसून उभे राहिलेले बालगंधर्व आठवतात. पण ते नाटक लिहिले कोणी, हे विचारावे असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. त्यातून लिहिणारी बाई असली तर तिचे नाव विसरायला लोकांना वेळ लागत नाही. बाईच्या हातचे नाटक एका नामांकित नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, असा मान मराठीत ज्यांना प्रथम मिळाला त्या हिराबाई पेडणेकर होत. गाण्यातल्या हिराबाई बडोदेकर निराळ्या आणि या निराळ्या. बडोदेकरांचे नाव घराघरांत गेले. पेडणेकरांचे नाव मात्र जाणत्या लोकांपाशीच राहिले. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहे.

आधी थोडे मागचे सांगणे जरूर आहे. मराठी नाटकाचा जन्म १८४३ साली सांगलीस झाला असे मानतात. सांगलीच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ केले आणि संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. १८८२ साली ‘सौभद्र’ आले. १८९९ साली देवलांचे ‘शारदा’ आले. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळ्या पोरीला बांधू नये, हे त्या नाटकाने घरोघरी पोहोचविले. सीता, शकुंतला, सुभद्रा, शारदा अशी ही नावे पाहा. नाटक उभे बायकांच्या सुखदुःखावर, पण लिहिणारा पुरुष, शिकविणारा पुरुष आणि नऊवारी नेसून रडणाराही पुरुषच! बायकांनी माजघरात आयुष्य काढायचे आणि ते आयुष्य कसे असते हे रंगमंचावर पुरुषांनी दाखवायचे, अशी ती रीत होती. इतकेच नव्हे, तर लुगडे कसे नेसावे, पदर कसा घ्यावा हेसुद्धा पुढे पुढे शहरातल्या बायका बालगंधर्वांकडे पाहून शिकू लागल्या.

मग त्या काळी बायका गातच नव्हत्या काय? गात होत्या. पण चार लोकांत गाणे हे कुलीन बाईचे काम नव्हे, असा समज होता. गाणे होते ते कलावंतिणींकडे. गोव्यात व दक्षिण कोकणात देवळांशी बांधलेली घराणी असत. त्या घरांतल्या मुलींना लहानपणापासून गाणे आणि नाच शिकवीत. त्यांचे लग्न माणसाशी होत नसे. आपल्याकडे खंडोबाला मुरळी सोडीत, त्याच जातीची ही चाल. मूल आईच्या नावाने ओळखले जाई. लोक त्यांच्या गाण्याला गर्दी करीत, परंतु त्यांना आपल्या घरच्या कार्यात मानाने बसवीत नसत. मुंबई इलाख्यात देवदासींसाठी कायदा झाला तो १९३४ साली. म्हणजे मी सांगते त्या काळात या मुलींना कायद्याचाही आधार नव्हता.

अशाच एका घरात १८८५ च्या सुमारास सावंतवाडीस हिराबाईंचा जन्म झाला. सावंतवाडी ही दशावतारी खेळांची भूमी. तिथेही स्त्रीपार्टी पुरुषच. लहानपणीच हिराबाई मुंबईस आल्या आणि गिरगावात मावशीच्या आश्रयाने वाढल्या. मावशीचा व्यवसाय गाण्याचाच. अशा घरात मुलगी गळ्याने तयार झाली की पुरे, अक्षराची गरज कोणाला वाटणार? परंतु हिराबाईंना मिशनरी शाळेत घातले गेले. ही एक गोष्ट घडली नसती तर पुढचे काहीच घडले नसते. शाळेत त्यांना वाचनाची गोडी लागली आणि शाळा सुटल्यावरही ती सुटली नाही. मराठीखेरीज संस्कृत, इंग्रजी, बंगाली अशा भाषांचा त्यांनी अभ्यास केला. गाण्याची तालीम त्यांना भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाकडे मिळाली. बुवांचे शिष्य म्हणवून घेणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती, हे गाणे जाणणाऱ्यांना सांगायला नको.

एका अंगी गाणे आणि एका अंगी अक्षर, असा मेळ त्या काळच्या बायकांत दुर्मिळ होता. घरंदाज बायकांपैकी काही थोड्या शिकत होत्या, पण त्यांना गाण्याची बंदी. कलावंतिणींना गाणे मोकळे, पण अक्षराशी गाठ क्वचित. संगीत नाटक लिहायला मात्र दोन्ही लागते. ते कसे, ते जरा सांगते.

आपण भोंडल्याचे किंवा पंचमीचे गाणे रचतो तेव्हा चाल आधीच ठाऊक असते. तीत आपण आपले शब्द बसवितो. संगीत नाटकाचे पद तसेच असे. नाटककाराने आधी चाल ठरवायची, मग तिच्या मात्रांत शब्द बसवायचे. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याचा उल्लेख छापलेला असतो, तो यासाठीच. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कामदा, ओवी अशा कीर्तनातल्या ओळखीच्या चाली घेतल्या. पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी नाटकांतल्या आणि हिंदुस्थानी गाण्यांतल्या नव्या ठेक्यांच्या चाली आणल्या. शब्द लांबला तर ताल चुकतो, शब्द तोकडा पडला तर गाणारा अडखळतो. शिवाय पदाने कथा पुढे गेली पाहिजे आणि ज्याच्या तोंडी ते आहे त्याच्या स्वभावाला शोभले पाहिजे. गळ्यात सूर असलेल्या हिराबाईंना हे काम साधले, त्यात नवल नाही. मात्र ते करावेसे त्यांना वाटले, याचे नवल वाटते.

हिराबाईंच्या कविता व कथा ‘मनोरंजन’, ‘उद्यान’ अशा मासिकांतून येऊ लागल्या. ‘मनोरंजन’ हे का. र. मित्र यांनी १८९५ साली काढलेले मासिक, आणि त्यात नाव छापून येणे म्हणजे लेखक म्हणून मान्यता मिळाल्यासारखेच असे. १९०४ साली ‘जयद्रथ विडंबन’ हे त्यांचे पहिले नाटक झाले. तेव्हा त्यांचे वय विशीच्या आत-बाहेरचे. विषय महाभारतातला. वनवासात द्रौपदीवर जयद्रथाने वाईट नजर टाकली व पांडवांनी त्याची विटंबना केली, ही कथा आपण पोथीत ऐकलेली आहे. नाटकांना पुराणातली कथा घेण्याची तेव्हा रीतच होती. परंतु एका कलावंतिणीच्या घरातल्या मुलीने पहिल्याच नाटकाला, बाईवर हात टाकणाऱ्याला शासन झाल्याची कथा निवडावी, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते.

हिराबाईंच्या गिरगावातल्या घरी साहित्यिकांचे येणे-जाणे असे. कोल्हटकरांना त्या लेखनातले गुरू मानीत. ‘वीरतनय’ व ‘मूकनायक’ लिहिणारे हे कोल्हटकर म्हणजे त्या काळचे फार मोठे नाव. राम गणेश गडकरीही त्यांनाच गुरू मानीत. म्हणजे हिराबाई आणि गडकरी हे एका गुरूचे दोन शिष्य झाले. दोघांची वयेही जवळजवळ सारखी. गडकरी १९१९ साली ऐन तारुण्यात गेले, तरी त्यांचे नाव आज शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. गुरुबहिणीचे नाव मात्र विचारून पाहावे.

१९१२ साली ‘संगीत दामिनी’ हे हिराबाईंचे नाटक केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. हीच ती महत्त्वाची गोष्ट. त्याआधी कोणा बाईने नाटक लिहिलेच नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकदोघींनी नाटके लिहून छापल्याच्या नोंदी सापडतात. पण छापील पुस्तक वेगळे आणि तिकीट काढून लोकांनी पाहिलेला खेळ वेगळा. नाटक मंडळी म्हणजे मोठा संसार. नट, गवई, साजिंदे, पडदे रंगविणारे, आचारी, सामानसुमान यांचा गाडा ओढायचा तर खेळ चाललाच पाहिजे. केशवरावांनी ही मंडळी १९०८ साली काढली होती, आणि १९१२ साली ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. अशा तरुण मालकाने बाईच्या लेखणीवर भरवसा टाकला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण लक्षात घ्या, नाटक बाईने लिहिले तरी त्यातले स्त्रीपार्ट पुरुषांनीच केले. बाईची लेखणी रंगमंचावर पोहोचली, बाई स्वतः अजून पोहोचायची होती. पुढे १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी आपली नाटक मंडळी काढली आणि १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे यांनी काम केले, तेव्हा कोठे प्रतिष्ठित रंगभूमीचा दरवाजा बायकांना नीट उघडला.

आता याच वेळची दुसरी हकीकत ऐका. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘बायकांचे बंड’ हे नाटक आले होते. त्याला उत्तर म्हणून १९१३ साली ‘पुरुषांचे बंड’ या नावाचे नाटक एका गृहिणीने लिहिले. त्या गिरिजाबाई केळकर. साहित्यसम्राट न. चिं. केळकरांच्या घराण्यातील त्या सून. जळगावचे भगिनी मंडळ त्यांनीच स्थापन केले. आपल्यासारख्या मंडळांची ती थोरली बहीणच म्हणावयाची. त्यांनी ‘आयेषा’, ‘राजकुंवर’ अशी आणखी नाटके लिहिली. १९२८ साली मुंबईस भरलेल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पहिले नाट्यसंमेलन १९०५ साली झाले होते. म्हणजे तेवीस वर्षांनी त्या खुर्चीवर प्रथमच एक बाई बसली. १९५९ साली ‘द्रौपदीची थाळी’ हे त्यांचे आत्मचरित्र निघाले आणि १९८० साली त्या वारल्या. दीर्घ आणि भरले आयुष्य त्यांना लाभले.

गिरिजाबाईंचा जन्म १८८६ चा. म्हणजे दोघी जवळजवळ एका वयाच्या, दोघींची नाटके एका वर्षाच्या अंतराने आलेली. एकीला कुळाचा आधार होता, घराण्याचे नाव होते, पतीची साथ होती. दुसरीला यांतले काहीच नव्हते. एकीच्या वाट्याला संमेलनाध्यक्षाची खुर्ची आली. दुसरीच्या वाट्याला काय आले ते पुढे सांगते. यात गिरिजाबाईंचा दोष नाही. त्यांनी तर स्वतःच्या हिमतीने बायकांसाठी वाट केली. परंतु वाट कोणासाठी रुंद आणि कोणासाठी अरुंद असते, हे या दोघींकडे एकदम पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्याच सुमारास दूर अमेरिकेत सुझन ग्लॅस्पेल नावाची एक बाई नाटके लिहू लागली होती. तिचा जन्म १८७६ चा. आधी ती वर्तमानपत्राची बातमीदार होती. १९१५ साली तिने व तिच्या पतीने मित्रमंडळींसह समुद्रकाठच्या एका गावी हौशी नाटक मंडळी काढली. १९१६ साली तिने एक छोटे नाटक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ ‘क्षुल्लक गोष्टी’ असा होतो. एका शेतकऱ्याचा खून झालेला असतो व त्याच्या बायकोवर आळ असतो. सरकारी माणसे सगळे घर धुंडाळतात, पण स्वयंपाकघरात काय सापडणार म्हणून हसून पुढे जातात. त्यांच्याबरोबर आलेल्या दोन बायका मात्र तिथेच थांबतात. अर्धवट राहिलेले काम, गोधडीवरचे वेडेवाकडे टाके, मोडका पिंजरा आणि मान मुरगळलेला पक्षी पाहून त्या बाईने संसारात काय सोसले ते सगळे त्यांना कळते. कायद्याच्या माणसांना जे दिसले नाही ते टाक्यांवरून या दोघींना दिसले. पुढे १९३१ साली या लेखिकेला अमेरिकेतला नाटकाचा मोठा पुरस्कार मिळाला. तरीही तिच्या मृत्यूनंतर तीही बरीच वर्षे विसरली गेली होती आणि नंतर अभ्यासक बायकांनी तिला पुन्हा उजेडात आणले. तात्पर्य, बाईचे लिहिणे विस्मृतीत ढकलण्याची चाल केवळ आपल्याकडचीच नाही.

‘दामिनी’नंतर हिराबाईंचे नाव नाटकाच्या जगात फार दिवस टिकले नाही. ज्या साहित्यिकांच्या बैठकी त्यांच्या घरी होत, त्या साहित्यिकांच्या घरी पानावर बसण्याचा मान त्यांना त्या काळच्या रिवाजाने मिळणे कठीणच होते. विद्वत्तेचे कौतुक करावे, गाणे ऐकावे, पण तिला गृहिणी म्हणून कोणी पुढे होऊन पत्करू नये, असा तो समाज. अखेर हिराबाईंनी मुंबई सोडली. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळ पालशेत म्हणून गाव आहे. तेथील एका गृहस्थांच्या घरी त्या जाऊन राहिल्या आणि उरलेले आयुष्य त्यांनी तेथे घरसंसारात काढले. कोठे गिरगावातल्या त्या बैठकी आणि कोठे नारळी-पोफळीतले ते शांत घर! १८ ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. पुढे १९७० नंतरच्या दशकात वसंत कानेटकरांनी त्यांच्या जीवनावरून ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहिले. नाव फार समर्पक आहे. सुगंध स्वतःपाशीच असतो, आणि त्याच सुगंधापायी त्या हरणाची शिकार होते.

कोणी म्हणेल, अखेर त्यांना घर मिळाले, शांती मिळाली, मग हळहळ कशाची? हा प्रश्न योग्य आहे. घर मिळाले हे चांगलेच झाले. बाईने संसार केला म्हणजे तिचे आयुष्य फुकट गेले, असे मी तरी म्हणणार नाही. आपण सगळ्या संसारातच आहोत. हळहळ याची की, मान आणि लेखणी या दोन्ही गोष्टी एकत्र हाती ठेवणे त्यांना जमू दिले गेले नाही. गिरिजाबाईंना दोन्ही मिळाले, यावरून ते अशक्य नव्हते हे सिद्ध होते.

आता आपल्याकडे वळू. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळांतून उर्दूचे प्रस्थ होते. मुलींच्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुण्या-मुंबईच्या नाटकांचे बोलपट झाल्यावरच आपल्यापैकी अनेक घरांना त्यांची ओळख झाली असेल. पण खेळ आपल्याकडे नव्हता असे नाही. गोंधळ होता, भारूड होते, वाघ्या-मुरळी होती, तमाशा होता. आणि बायकांचे रचणे तर जात्यावर रोजच चालू होते. ओव्या कोणी लिहून ठेवल्या नाहीत म्हणून त्या रचणाऱ्या बायकांची नावे राहिली नाहीत, एवढेच. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचे, दासोपंतांचे नाव शतके टिकले, कारण त्यांचे लिहिलेले उरले.

तेव्हा दोन गोष्टी मंडळापुढे मांडाव्याशा वाटतात. पहिली अशी की, वर्धापनदिनाला जे नाटुकले बसवायचे ते आपल्यापैकीच कोणी लिहावे. विषय शोधायला लांब जायला नको. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पहाटे अंधारात फडात उतरणारी बाई, पाचटाच्या कोपीत मागे ठेवलेले तान्हे बाळ, घरी आजीजवळ राहिलेली शाळेची पोर, एवढ्यात एक संपूर्ण नाटक आहे. १९८९ साली सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा प्रयोग लिहिला आणि एकटीने करून गावोगावी नेला. पडदे नाहीत, गाडीभर सामान नाही. म्हणजे खर्चाचे कारण सांगायलाही जागा उरत नाही. पदे पाहिजेत तर पंचमीच्या चाली आपल्या गळ्यात आहेतच.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे, पण बोलली पाहिजे. आज हिराबाई पेडणेकर आपल्या गावात राहत्या, तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण त्यांना बोलावले असते काय? आपल्या बहुतेक गावांत ते आमंत्रण अजूनही सवाष्णीलाच जाते. ज्या बाईला नवरा नाही, नवऱ्याने टाकले आहे, जी फडात गाते-नाचते, किंवा जिची आई गात होती, तिच्या दाराशी आमंत्रण थांबते. मग तिच्या अंगी असलेला गुणही दाराबाहेरच थांबतो. नुकसान तिचे होतेच, पण मंडळाचेही होते. एक चांगली लिहिणारी, गाणारी, हिशेब ठेवणारी बाई आपण आपल्या हाताने गमावतो. येत्या संक्रांतीचे बोलावणे गावातल्या प्रत्येक बाईला जावे आणि कोणाचे कुंकू पाहून वाण देऊ नये, असा ठराव मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडण्याचा माझा विचार आहे. भगिनींनी त्यावर मोकळेपणाने बोलावे. विरोध असेल तर तोही समोर सांगावा.

जळगावच्या मंडळाला गिरिजाबाई लाभल्या. पालशेतला एक हिराबाई होत्या, आणि जगाला ते कळले त्या गेल्यानंतर. आपल्या पालीत कोण आहे, हे आपण वेळेवर पाहावे, इतकेच सांगून पुरे करते.